फरशीखालची फरशी

आईच्या घरात नवी फरशी बसून तीन वर्षं होत आली, तरी आईचा पाय अजून जुन्याच फरशीवर पडतो. मागच्या दिवाळीत मी सांगलीला होते. पहाटे पाचला आई बंबातलं पाणी तांब्यात घेऊन न्हाणीकडे निघाली आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी तिचा पाय चुकला. पडली नाही, चौकट धरली, पण तांब्या सुटला आणि पाणी पार स्वयंपाकघरापर्यंत वाहत गेलं. मी अंथरुणातून धावत आले तर ती चौकटीला धरून पायाखाली बघत उभी होती. "लागलं नाही गं," म्हणाली. "फरशी वर आलीय, पाय यायचेत अजून." मग नेहमीसारखी वाकून पाणी टिपायला लागली. मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्या ओल्या, पांढऱ्या, गुळगुळीत फरशीत ट्यूबलाइट लख्ख दिसत होती आणि बाकी काहीच दिसत नव्हतं. तिचं ते वाक्य पुण्याला परत येताना गाडीत माझ्याबरोबर होतं. नंतरही राहिलं.

कारण फरशी वर आणली होती मी.

सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या घरात पाणी देवाच्या कोनाड्यापर्यंत चढलं. पाणी उतरल्यावर आम्ही घरात पाऊल टाकलं तेव्हा आत जमीन अशी नव्हतीच, गाळ होता. घोट्याच्या वर, मऊ, थंड, काळपट आणि कुजलेल्या उसाचा, डिझेलचा, मेलेल्या माशांचा मिळून एक वास. आम्ही सगळे दारातच थिजलो. आई साडी खोचून आत गेली, मधल्या खोलीत उकिडवी बसली आणि हातानंच गाळ बाजूला सारायला लागली. पाटी नाही, खराटा नाही. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली, "फरशी दिसली गं!" तिच्या दोन तळव्यांएवढी जागा मोकळी झाली होती. त्यात ओली, पिवळी, हिरवी, तांबडी खडी चमकत होती. पंचेचाळीस वर्षांची ती मोझॅकची फरशी मी त्याआधी इतकी रंगीत कधी पाहिली नव्हती.

बाबांनी ती १९७४ साली बसवून घेतली. पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घातलेल्या त्या लाद्या आपल्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरात होत्या. पॉलिशचं मशिन चार दिवस घरात घरघरत होतं आणि पांढरं दुधासारखं पाणी अंगणातल्या तुळशीपर्यंत गेलं, ही गोष्ट आई अजून सांगते. तुकडे कसेही पडलेले असायचे, त्यांत चित्र असं काही नव्हतं. ते आम्हीच शोधायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी गार फरशीवर गाल टेकून पडलं, की तुकड्यांमधून म्हातारी दिसायची, बोट दिसायची, नकाशा दिसायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी एका लादीत घोडा होता. दोन काळे तुकडे कानांचे, एक लांबट तांबडा तोंडाचा आणि मानेला हिरवी आयाळ. तो मी कुणालाच दाखवला नव्हता. दाखवला असता तर दुसऱ्या कुणाला तो बकरी दिसला असता, अशी मला भीती होती.

महापुरानंतर लाद्या बद वाजायला लागल्या. काही खचल्या. दोनच वर्षांनी पुन्हा पाणी आलं. मग आम्ही भावंडांनी ठरवलं की आता फरशी बदलायची. गवंडी बघायला आला, टाचेनं दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, फोडायची कशाला? वरनंच बसवू की. मलबा उचलायचा ताप वाचतोय." खचलेल्या जागा भरून घ्यायच्या, बाकी फरशीवर छिन्नीनं टाचे म्हणजे बारीक खाचा मारायच्या, केमिकल लावायचं, वर नवी टाइल, दारं खालून इंचभर तासायची. आठ दिवसांचं काम. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर बघत होते. छिन्नीचा तो टक्-टक् आवाज आणि उडणारी खडी मोबाइलच्या पडद्यावर फारशी खरी वाटत नाही. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "असू दे. तुम्हाला बरं वाटेल तसं करा." मी ते होकारासारखं ऐकलं.

यंदा एप्रिलमध्ये लेकीकडे गेले. ती इटलीतल्या सिसिली बेटावर कातानियाला शिकते. एका रविवारी तिनं मला पिआत्सा आर्मेरिनाजवळच्या रोमन व्हिलात नेलं. बसनं गावापर्यंत आणि तिथून टॅक्सीनं खाली दरीत. वाटेत निलगिरीची झाडी, मध्येच पाइन, हवेत ओल्या मातीचा वास. व्हिला रोमाना देल कासाले. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं घर आणि आत सुमारे ३,५०० चौरस मीटर चित्रांची फरशी. घर कुणाचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १९५० पासून दहा वर्षं इथं खोदकाम करणारे जेंटिली म्हणत, की राज्यत्याग केलेल्या मॅक्सिमियन सम्राटाचं. नंतरच्या अनेकांना ते रोममधल्या एखाद्या धनाढ्य उमरावाचं वाटतं. लेक मला हे सगळं उत्साहानं सांगत होती आणि खरं सांगायचं तर माझं मालकाकडे लक्षच नव्हतं. मी पायाखाली बघत होते.

पायाखाली म्हणजे खरोखर पायाखाली. तिथं फरशीवर पाय ठेवता येत नाही. भिंतींच्या कडेनं उंचावरून लोखंडी पूल नेलेत, त्यांच्यावरून चालायचं आणि कठड्यावरून खाली वाकून बघायचं. मला त्यानं सुटल्यासारखं झालं. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो. दारातली रांगोळी चुकून विस्कटली तर मन चुटपुटतं. आणि इथं तर जमिनीवर चेहरेच चेहरे. डोळे असलेले, तुमच्याकडे बघणारे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी लोक त्यांच्यावरून चपला घालून जेवायला जात होते, ओली अंगं घेऊन न्हाणीतून येत होते. मला ते चालवेना. आणि तरी हेही वाटत होतं, की चित्र पायांत आहे म्हणूनच या घरातली पोरं त्याच्यावर लोळली असतील, गाल टेकून पडली असतील. भिंतीवरच्या चित्राशी अशी सलगी होत नाही. एका खोलीत पोरांचीच शिकार आहे: कुणी सशाच्या मागे धावतंय, एकाच्या पायाला उंदीर डसलाय आणि तो कळवळतोय. हे ज्यानं केलं त्यानं घरातली लहान मुलं जवळून पाहिली होती.

चौकाभोवतीच्या ओवरीत फरशीवर चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत पानांचं गोल कडं आणि कड्यात एकेका प्राण्याचं तोंड. तिथं एक बाई काम करत होती. गुडघ्याखाली स्पंजाची जाड गादी, शेजारी वाटीत पाणी, हातात बोळा. फरशीची देखभाल करणाऱ्यांपैकी असावी. आम्ही वरून बघत होतो आणि आम्हाला दिसत होती सगळी मिळून एक मातकट, फिकी, धुळकट रंगाची जमीन. चित्र कळत होतं, पण पुस्तकातल्या जुन्या फोटोसारखं. तिनं बोळा ओला केला आणि एका हरिणाच्या तोंडावरून फिरवला. आणि ते हरीण वर आलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. नाकपुडीचा काळा, कानाच्या आतला गुलाबी, डोळ्यात एक पांढरा तुकडा, मानेवर तपकिरीच्या पाच-सहा छटा. शेजारचे सगळे प्राणी धुळीत झोपलेले आणि हे एकच जागं. बाईनं मान तिरपी करून पाहिलं, एका तुकड्यावर बोट दाबलं, वहीत काहीतरी टिपलं आणि पुढे सरकली. मी तिथंच थांबले. लेक पुढे जाऊन परत आली. ऊन होतं, हरीण कडेकडेनं सुकत गेलं, आधी कान, मग मान. सगळ्यात शेवटी डोळा विझला.

हे दगड तसे साधे. चुनखडीचे, संगमरवराचे, आणि जिथं निळा-हिरवा भडक हवा तिथं काचेचे. नखाएवढे, कुठे नखाहूनही लहान. करणारे कारागीर उत्तर आफ्रिकेतून, कार्थेजच्या बाजूनं आले असावेत, कारण ट्युनिशियात याच हाताच्या फरशा सापडतात. खाली आधी दगडगोट्यांचा थर, मग चुन्यात कालवलेली भरड खडी, त्यावर चुना आणि फुटक्या कौलांची भुकटी. आपली चुना-सुरखीच की ती. वरचा थर ओला आहे तोवर दगड बसवायचे, म्हणजे एका वेळी थोडीच जागा लिंपायची आणि तेवढीच भरायची. कुणाचंही नाव उरलेलं नाही. पण गुडघे उरलेत, असं मला त्या बाईकडे बघून वाटलं. ज्यानं लावली तो गुडघ्यांवर होता, ज्या दासीनं रोज पुसली ती गुडघ्यांवर होती आणि ही आत्ताचीही. मालकानं ती फरशी उभ्यानं पाहिली. ओली, जागी, वीतभर अंतरावरून ती या तिघांनीच पाहिली असणार.

मोठ्या शिकारीची ओवरी साठ मीटरहून लांब आहे. लोक तिच्यासाठीच येतात आणि आलेच पाहिजेत. रोमच्या खेळांसाठी जगभरातून जनावरं पकडून गलबतांवर चढवतानाचं हे चित्र आहे. फळीवरून शहामृगं नेतात, दलदलीतून गेंडा ओढून काढतात, हत्तीच्या पायांना साखळ्या आहेत. एका पिंजऱ्यातून माणसाचा चेहरा डोकावतो आणि वर पंख पसरून ग्रिफिन बसलाय, गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या अंगाचा तो गोष्टीतला प्राणी. मला मात्र वाघिणीपासून हलता येईना. शिकारी तिचं पिल्लू घेऊन गलबताकडे पळालेत आणि तिनं पाठलाग सोडावा म्हणून तिच्यापुढे काचेचा गोळा टाकलाय. गोळ्यात तिचंच लहानसं प्रतिबिंब. तिला वाटतं, पिल्लू सापडलं. ती थांबलीय, गोळ्यावर वाकलीय. इतक्या प्राण्यांत, इतक्या आरडाओरड्यात ही एकटीच गप्प आहे.

ओवरीच्या दक्षिण टोकाला अर्धगोलात एक बाई बसलीय. काळीसावळी, उघड्या खांद्यांची, एका हातात हस्तिदंत, एका अंगाला हत्ती, दुसऱ्या अंगाला वाघ. "आई, ही आपण," लेक म्हणाली. ही मूर्तिमंत भारतभूमी आहे असं अनेक अभ्यासक मानतात. काहींना ती अरबस्तान किंवा इथिओपिया वाटते. तो हस्तिदंत बघून मला तेर आठवलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ग्रीक खलाशाच्या बखरीतलं तगर. तिथल्या संग्रहालयात एक वीतभरही नसलेली हस्तिदंती बाई आहे आणि तिच्याच धाटणीची दुसरी १९३८ साली पॉम्पेईत निघाली. म्हणजे आपल्याकडून खरोखर हस्तिदंत आणि त्याच्या बाया या देशात येत होत्या. ज्या कारागिरानं ही काळीसावळी बाई लावली त्यानं भारत पाहिला नसणार. त्यानं ऐकलं होतं: तिथं हत्ती असतात, वाघ असतात, बायका सावळ्या असतात. तेवढ्यावर त्यानं तपकिरी दगड वेचले. आपला देश कुणाच्या तरी ओवरीच्या टोकाला, जमिनीवर, असा बघताना अभिमान वाटावा की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मी हात जोडले मात्र. सवयीनं.

आणि मग त्या मुलींची खोली.

त्यांचे फोटो सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेत: दोन चिंध्यांएवढ्या कपड्यांत व्यायाम करणाऱ्या पोरी. एकीच्या हातात वजनं, एक थाळी फेकतेय, दोघी धावतायत, दोघी चेंडू खेळतायत, एकीच्या हातात चाक, आणि जिंकलेलीच्या हातात झावळी, डोक्यावर मुकुट. पुलावर गर्दी होती, सगळे फोन खाली रोखून. मला जागा मिळाली ती कोपऱ्यात. तिथून पोरी नीट दिसेनात, म्हणून मी नुसतीच खाली बघत राहिले आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. कोपऱ्यात पोरींची फरशी फुटली होती. फुटल्या जागी माती नव्हती, सिमेंट नव्हतं. बोटभर खाली दुसरी फरशी होती. साधी, भौमितिक नक्षीची, आपल्याकडे रांगोळीच्या पुस्तकात असते तशी. लेक म्हणाली, "हो, ती आधीची. या नंतर वरून बसवल्यात."

वरून बसवल्यात. मी कठडा धरला.

माझ्या डोळ्यांपुढे ते घर आलं. कुणाची तरी हौस, कुणाची तरी घाई, एखादा मुकादम टाचेनं ठोकून बघतोय, हिच्यावरच बसवून टाकू म्हणतोय. आणि घरात कुणीतरी असेल ना, जिनं ती साधी नक्षी वर्षानुवर्षं पुसली होती? तिला विचारलं असेल? तिचा पाय किती दिवस चुकला असेल उंबऱ्याशी? तिथं उभं राहून मला एकाच वेळी लाज वाटत होती आणि थोडं हलकंही. लाज कशाची ते उघड आहे. हलकं यासाठी, की ती खालची फरशी तिथं होती. शाबूत होती. झाकलं म्हणून ती संपली नव्हती. मग लगेच आठवलं, की आमच्या फरशीवर टाचे मारलेत. इंचा-इंचावर. तेवढ्यात मागून कुणीतरी पुढे सरकायला सांगितलं.

या सगळ्या घरावर गाळ होता, हे मला बाहेर पडल्यावर लेकीनं सांगितलं. रोमन गेले, मग त्याच भिंतींच्या आधारानं वस्ती झाली, बाराव्या शतकात ती उजाड झाली आणि शेजारच्या मांगोने डोंगरावरून माती सरकून येत राहिली. पुढची कित्येक शतकं वर शेती. दगड पळवणाऱ्यांपासून, नांगरापासून, उन्हापासून फरशी त्या गाळानं सांभाळली. वर काढल्यावर तिचे हाल जास्त झाले. जुनं छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं होतं, त्याखाली आत उकडून निघायचं. १९९१ मध्ये पूर आला आणि चित्रांवर पुन्हा चिखल बसला. आताचं लाकडी कैच्यांवरचं तांब्याचं छप्पर २०१२ चं. बसची वाट बघत बसलो होतो. मी लेकीला विचारलं, १९९१ चा तो चिखल कुणी काढला असेल? ती म्हणाली, "काढला असेल माणसांनी, बायकांनी." माझ्या नाकात आमच्या मधल्या खोलीतला तो वास आला आणि कानात आईची हाक. फरशी दिसली गं. इथंही कुणीतरी कुणाला तरी अशीच हाक मारली असणार, त्यांच्या भाषेत.

मे महिन्यात सांगलीला गेले. आईला फोटो दाखवले. तिनं पोरींकडे बघून "बाई बाई" केलं, वाघिणीपाशी थांबली, हरणाचा ओला फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मी तिला कोपऱ्यातला फोटो दाखवला, फरशीखालच्या फरशीचा. ती बराच वेळ बघत होती. मग उठली, स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या फडताळाशी गेली आणि खालच्या कप्प्यातले डबे बाहेर काढायला लागली. कुरडयांचा डबा, सांडग्यांचा, चिंचेची बरणी. मी मदतीला बसले. आतपर्यंत हात घालून तिनं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि खाली जुनी फरशी होती. दीड लादी. फडताळाच्या आत नवी टाइल गेलीच नव्हती, टाचेही पडले नव्हते. "गवंडी म्हणत होता, आतही बसवतो. मी म्हटलं, राहू दे तेवढी," आई म्हणाली. हे तिनं तीन वर्षांत मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

तिनं फडकं ओलं करून आत फिरवलं. पिवळा, हिरवा, तांबडा, सगळे वर आले. आम्ही दोघी फडताळापुढे गुडघ्यांवर, डोकी आत घातलेली. तुकड्यांत काही दिसतंय का म्हणून मी बघत होते. एखादा पंजा, एखादं पान. लक्षात यायच्या आत मी तोंडानं म्हणून गेले, "घोडा नाहीये इथं."

"इथं कसा असेल?" आई म्हणाली. तशीच गुडघ्यांवर दोन हात मागे सरकली, फ्रिजच्या डाव्या पायाशी नव्या फरशीवर ओला तळवा ठेवला. "तुझा घोडा हा इथं."